टाकीला चिकू बाधले

आमच्या वन्संचं ओरडणं ऐकून शेजारी घड्याळ लावतात, असं आमचे हे म्हणायचे. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. तरुणपणी नवरा गेला तेव्हा लहानग्या मुलीला घेऊन त्या बोर्डीला माहेरी परत आल्या आणि चिकूची वाडी त्यांनी अंगावर घेतली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वाडी त्यांची, किल्ल्या त्यांच्या आणि आवाजही त्यांचाच. रागवायला लागल्या की एकच वाक्य गड्याने झाडांना पाणी उशिरा सोडलं इथून निघायचं, दुधात पाणी घालणाऱ्या भय्याच्या दारावरून जायचं आणि माझ्या माहेरच्या वळणापाशी येऊन टेकायचं. मधे श्वास म्हणून नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण घर त्या आवाजावर चालायचं.

मग ती वाक्यं तुटायला लागली. "अगं, त्या करंड्या..." एवढं म्हणून वन्सं पडवीच्या खांबाला हात लावून उभ्या राहायच्या. छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. मग हात हलवून ‘जाऊ दे’ अशी खूण करायच्या. वन्संनी एखादी गोष्ट जाऊ दिली, हे आमच्या घरात कधी घडलेलं नव्हतं. पहिल्या वेळी मला चक्क बरं वाटलं. पुढच्या वेळी भीती वाटली.

डहाणूच्या डॉक्टरांनी दमा म्हणून सांगितलं, तोंडात ओढायचा पंप दिला आणि विचारलं, घरात चूल पेटते का? चूल आमच्याकडे कधीच गेली होती. मग धूर कुठून येतो, असं ते म्हणाले आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत बसलो. धूर कुठून येतो हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

आमच्या वाडीच्या पूर्वेला, रस्त्यापलीकडे एक मोठा खळगा आहे. कधीकाळी तिथून विटांसाठी माती काढत. माती संपली आणि गावाचा कचरा सुरू झाला. घराघरातलं खरकटं, किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं उष्टं, शहाळ्यांची टरफलं, वेफर्सची पाकिटं, सगळं एकाच ढिगात. सगळ्या वाड्यांचा पातेराही तिथेच पडायचा, आमचासुद्धा. रोज सकाळी वाडी झाडायची, वाळकी पानं हातगाडीत भरायची आणि खळग्यात ओतून यायची, ही आमच्याकडची स्वच्छता. थंडीत त्याला कुणीतरी काडी लावायचं. कोण लावतं ते कधी उघडकीला आलं नाही. गावाला विचारलं तर कचरा आपोआप पेट घेतो म्हणायचं. तो ढीग कधी भडकायचा नाही, नुसता धुमसत राहायचा. आणि पहाटे मतलई वारा सुटायचा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा, तो सगळा धूर उचलून थेट आमच्या पडवीत आणून सोडायचा. उन्हं वर आली की समुद्रावरचा वारा यायचा आणि हवा साफ व्हायची. तोवर वन्संची सकाळ मात्र पार पिळून निघालेली असायची.

दिवाळीला भाची आली, म्हणजे वन्संची मुलगी. ती नाशिकला शाळेत शिकवते. आईसारखाच आवाज आहे, फक्त शहरात राहून जरा घासूनपुसून निघालाय. पहिल्याच पहाटे तिने आईची शिट्टी ऐकली, उठून बसली, आणि चहाच्या वेळी आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, गुढीपाडवा झाला की मी तुला न्यायला येते. विचारत नाहीये, सांगतेय."

वन्सं काही बोलल्या नाहीत. तिथेच मी ओळखलं की त्या घाबरल्या आहेत. भाची गेल्यावर त्यांनी ह्यांना माळ्यावरची जुनी बॅग काढायला लावली, तिला ऊन दाखवलं आणि खाटेशेजारी ठेवली. दोन नेसूची लुगडी तिच्यात टाकली आणि मग पुढे काहीच टाकलं नाही. बॅग तशीच तोंड उघडं ठेवून पडून राहिली. मी केर काढताना तिला वळसा घालायची. एरवी मधे पडलेली वस्तू मी पायाने सरकवते, पण त्या बॅगेला हात लावायची मला हिंमत होत नव्हती.

एकदा मी भाजी निवडत असताना त्या समोर येऊन बसल्या.

"चौथा मजला आहे तिचा," त्या म्हणाल्या. थोडं थांबल्या, श्वास घेतला. "मी तिथे करू काय?"

मी म्हटलं, आराम करा. हे म्हणताना मलाच ते खोटं वाटलं. झाडाखालून गेल्याशिवाय ज्या बाईचा चहा गळ्याखाली उतरत नाही, ती चौथ्या मजल्यावर काय आराम करणार? पण पहाटेची ती शिट्टी ऐकल्यावर भाचीचंही चुकत होतं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दोघींचं बरोबर होतं आणि माझं नुसतंच डोकं फिरत होतं.

हिवाळ्यातल्या ग्रामसभेत मी उठून बोलले. सरपंच वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, पण बोलायला रोखठोक. ती म्हणाली, काकू, खळगा बंद करते, पण कचरा कुठे टाकू, तुमच्या अंगणात? मग तिनेच पुढचं सांगितलं. शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीमागे गोबर गॅसची टाकी बांधायचं ठरलं होतं. ओला कचरा टाकीत, त्याच्या गॅसवर पोरांची खिचडी. सुका कचरा ट्रॅक्टरने तलासरीला, हायवेवरच्या भंगाराच्या गोदामात. तिथून तो पुढे कारखान्यांकडे जातो आणि त्याच्या नव्या वस्तू होतात. हे सगळं पाडव्यापर्यंत नीट चाललं तर खळग्यावर माती टाकायची. टाकी बंद पडली तर मात्र खळगा आहे तसा चालू, कारण ओला कचरा कुणी डोक्यावर घेऊन फिरणार नाही.

पाडव्यापर्यंत. भाचीनेही तोच दिवस सांगितला होता. घरी येऊन मी वन्संना म्हटलं, टाकी चालली तर तुमची बॅग माळ्यावर जाईल. त्या म्हणाल्या, "शेणाची टाकी मला ठेवून घेणार? बरं." पण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात दोन बादल्या आल्या, एक ओल्याची, एक सुक्याची. तेव्हापासून कुणाच्या हातून काय कुठे पडतंय यावर त्यांचा पहारा बसला. ओरडायला दम पुरत नव्हता म्हणून त्या नुसत्या काठीने बादली वाजवायच्या.

टाकी बांधायला तलासरीचा गवंडी आला. जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा, त्याच्यावर पालथा घातलेला काळा ड्रम. आत गॅस साठला की ड्रम वर येतो, वापरला की खाली बसतो. पहिली भरती शेणाची करावी लागते. बोर्डीत आता गुरं कुठली? शेण आत डोंगराकडच्या गंजाड गावाहून आणलं. गंजाडची एक बाई आणि तिचा नवरा चिकूच्या तोडणीच्या दिवसांत आमच्या वाडीत राहायला येतात. तिच्या सासऱ्याने पाड्यावरून गोळा करून टेम्पोभर शेण दिलं. टाकी बसवणाऱ्या इंजिनिअर साहेबांनी जाताना सगळ्यांना बजावलं होतं: दिवसाला एक घमेलं, तेही बारीक करून. त्याच्यावर काही नाही.

काही दिवसांनी शेगडीवर निळी ज्योत आली. पोषण आहार शिजवणारी बाई आमच्या बचत गटाची प्रमुख आहे, अंगाने दणकट आणि मनाने हळवी. तिने शेगडीला हळदकुंकू वाहिलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ड्रम वर आलेला बघायला माणसं येऊ लागली, जणू कुणाच्या घरी बाळ झालंय.

आता, आमच्याकडे घरी आलेल्याला माफक वाढायची पद्धत नाही. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तर आम्ही बोटांच्या फटीतून वाढतो. आणि टाकीचे दिवस आले ते नेमके होळीच्या सुमाराचे. एकदम ऊन तापलं, सगळ्या वाड्यांत चिकू एका वेळी पिकायला लागले, वटवाघळांनी अर्धे खाऊन पाडले, आणि सणामुळे व्यापाऱ्याची गाडी आली नाही. एरवी हा सगळा सडा खळग्यात गेला असता. पण आता गावाला खळग्याची लाज वाटायला लागली होती आणि टाकीचं कौतुक. ज्याने त्याने पडीक चिकूची करंडी उचलली आणि शाळेमागे नेली. स्वयंपाकीण बिचारी एक घमेलं, एक घमेलं म्हणत राहिली. पण समोरचा म्हणे, बाकीच्यांचे घेतलेस, आमचे नकोत होय? झालं, तिचं तोंड बंद. आमच्याही वाडीच्या पाट्या गेल्या. चिकू गोड, गोड म्हणजे चांगलं, चांगलं म्हणजे जास्त घाला, हा आमचा हिशोब. ड्रम तर एवढा वर आला की पोरं म्हणायला लागली, आता उडणार.

होळीनंतर शाळा भरली त्या सकाळी स्वयंपाकिणीने मला बोलावणं पाठवलं. मी गेले तर ती हातात काड्यापेटी घेऊन उभी, पायाशी विझलेल्या काड्यांचा सडा. ड्रम टम्म फुगलेला. शेगडीतून गॅसचा आवाज येत होता, पण पेटलेली काडी जवळ नेली की फुर्रकन विझायची. पोट फुगलंय आणि जीव नाही, असं काहीतरी. त्या दिवशी पोरांची खिचडी लाकडांवर शिजली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की टाकी मेली. सुक्याच्या गोणीत पुन्हा खरकटं यायला लागलं. दोन दिवसांनी पहाटे पडवीत तो ओळखीचा वास आला. खळग्याने पुन्हा आपोआप पेट घेतला होता.

मी फार चिडले. कोणावर ते मला सांगता येणार नाही, कारण शिव्या द्यायच्या तर सुरुवात आमच्याच पाट्यांपासून करावी लागली असती. वन्सं त्या सकाळी खाटेवरून उठल्या नाहीत. पंप ओढला, पडून राहिल्या, आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी बॅगेकडे बोट दाखवलं. कपाटातली आणखी लुगडी तिच्यात घालायची होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि बाहेर आले. न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कळलं की मी रडतेय. ज्या बाईच्या बोलण्याने मी नव्या नवरीची रडायचे, तिच्या गप्प बसण्यानेही रडतेय, याचं मलाच हसू आलं. पण रडणं काही थांबेना.

उन्हं चढल्यावर वन्संना जरा बरं वाटलं, तेव्हा त्या काठी घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, मला टाकी बघायची आहे. ह्यांनी स्कूटरवर बसवून शाळेत नेलं. मी मागून चालत पोचले तेव्हा त्या टाकीच्या तोंडाशी उभ्या होत्या. स्वयंपाकीण अपराध्यासारखी बाजूला. वन्संनी नाकावरचा पदर क्षणभर काढला, वास घेतला, पुन्हा लावला.

"ताडी झालीय हिची," त्या म्हणाल्या.

आणि खरंच की. तो शेणाचा वास नव्हता. दुपार उलटून गेल्यावर ताडीच्या मडक्याला येतो तसा आंबूस, डोक्यात जाणारा वास होता. आमच्या किनाऱ्यावर ताडाचा रस पहाटे गोड असतो, उन्हाबरोबर आंबतो, हे काय नवीन? ज्याला गोड नीराच हवी तो मडक्याला आतून चुना फासतो, म्हणजे रस आंबत नाही. आम्ही टाकीच्या पोटात करंड्यांनी गोड ओतलं होतं आणि ऊन तर वरून होतंच.

"खाणं बंद करा," वन्सं म्हणाल्या. श्वास घेतला. "लंघन. आणि चुना."

मी तिथूनच इंजिनिअर साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या भाषेत तेच सांगितलं: आत आंबटपणा वाढलाय, गॅस तयार होतोय पण तो जळणारा नाही, तो सोडून द्या, काही दिवस काही घालू नका, चुन्याचं पाणी थोडं थोडं द्या. पण नुसत्या चुन्याने भागणार नव्हतं. आतले उपयोगी जंतू मेल्यातच जमा होते, ते पुन्हा घालायचे तर ताजं शेण हवं होतं, टेम्पोभर. शेवटी ते म्हणाले, "मी एक घमेलं म्हटलं होतं ना?" मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला.

शेण म्हणजे पुन्हा गंजाड. मी ह्यांना टेम्पो काढायला लावला आणि वाडीत राहणाऱ्या त्या गंजाडच्या बाईला बरोबर घेतलं. तिच्या सासऱ्याने आम्हाला पाणी दिलं, वन्संची चौकशी केली, आणि शेणाचं नाव काढताच मान हलवली. होळी झाली होती, म्हणजे राबाचे दिवस. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जागा आधी भाजून घेतात. शेण, फांद्या, पाला असा थर पसरायचा आणि पेटवायचा, त्याला राब म्हणतात. शेण त्यासाठी वर्षभर जपलेलं असतं.

"शेन तुला दिला तर राबाला मी काय घालू?" म्हातारा म्हणाला. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होता.

मी विचारलं, पाला पुरतो का? नाही पुरत, तो म्हणाला, पाल्यासाठी हल्ली लांब जंगलात जावं लागतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही ज्याला कचरा म्हणून रोज हातगाडीने खळग्यात ओतत होतो, तो पातेरा या माणसाला लांबून डोक्यावरून आणावा लागत होता. मी म्हटलं, तुम्ही थोडं शेण द्या, मी टेम्पोभर पाला देते. शेण कमी पडेल तिथे पाल्याचा थर जाड करा. म्हाताऱ्याने सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, मोठ्या बायच्या, म्हणजे वन्संच्या, वाडीत पाला लय आहे. सौदा ठरला आणि मी आनंदात घरी आले.

दुसऱ्याच दिवशी वाडीच्या कडेचा ढीग टेम्पोत भरला आणि पाड्यावर नेला. म्हाताऱ्याने पाल्यात हात घातला. एक गुटख्याची पुडी काढली. मग एक वेफर्सचं पाकीट, मग रोपांची काळी पिशवी, मग नायलॉनच्या सुतळीचा तुकडा. एकेक वस्तू टेम्पोच्या बॉनेटवर नीट ओळीने मांडली.

"हे जाळून त्यावर भात पेरायचा?" तो म्हणाला. "आनि मग तो खायचा?"

टेम्पो पाल्यासकट परत आला. वाटेत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बिचाऱ्यांचा दोष एवढाच की ते शेजारी होते. पाडवा तोंडावर आला होता, टाकी मेलेली, शेण नाही, आणि आमच्या वाडीतला पाला एका म्हाताऱ्याने मला माझ्या तोंडावर परत केला होता. घरी आल्यावर मी सगळं वन्संना सांगितलं, जरा जास्तच मीठमिरची लावून. मला वाटलं, त्या म्हाताऱ्याला चार शब्द ऐकवतील.

त्यांनी ढीग अंगणात चिकूखाली ओतायला लावला. त्यावर पाणी शिंपडलं, धूळ उडू नये म्हणून. डॉक्टरांनी दिलेला मास्क लावला, पाट घेतला आणि निवडायला बसल्या, तांदूळ निवडावेत तशा. मी म्हटलं, वन्सं, तुम्ही कशाला, मी करते. त्यांनी हातानेच मला समोर बसवलं. मग वाडीतली बाई आली, शेजारच्या वाडीतल्या दोघी आल्या. धाप लागली की वन्सं थांबायच्या, पंप ओढायच्या, पुन्हा पाल्यात हात घालायच्या. बाजूला पाकिटांचा, पुड्यांचा, पिशव्यांचा एक ढीग वाढत गेला. आमची वाडी स्वच्छ म्हणून पाहुण्यांना दाखवायचो आम्ही.

बऱ्याच वेळाने त्या थांबल्या आणि त्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, "हेच रोज जाळत होतो आपण. आणि मी ते ओढत होते."

  आम्ही खाली माना घालून निवडत राहिलो.

या वेळी म्हाताऱ्याने टेम्पोत चढून पाल्यात कोपरापर्यंत हात घातला, इथे, तिथे, तळाशी. काही निघालं नाही. त्याने खाली उतरून मुलाला हाक मारली आणि शेण भरायला सांगितलं. मला वाटतं मी तेव्हा त्याच्या पाया पडायचीच बाकी होते.

पुढचे दिवस शेणाचं पाणी, चुन्याची निवळी आणि वाट बघणं. ड्रममधला वायू सोडून दिल्यावर तो खाली बसला होता, आजारातून उठलेल्या माणसाच्या गालांसारखा. रोज सकाळी स्वयंपाकीण एक काडी ओढायची आणि घरी जाताना आमच्या फाटकापाशी मान हलवून जायची. एकदा पिवळी ज्योत आली आणि गेली. वन्संनी विचारणं सोडलं होतं. बॅग आता भरलेली होती. मी नाही भरली, त्यांनीच भरली. नुसती चेन लावायची राहिली होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी गुढीसाठी कळक धूत होते. स्वयंपाकीण रस्त्यावरून जवळजवळ धावत आली. तिला एवढं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, पेटली. डाळ शिजून निघाली तिच्यावर."

मी ओल्या हातांनी शाळेत गेले. शेगडीवर निळी, गोल, स्थिर ज्योत होती आणि वर मोठं पातेलं रटरटत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. एवढं हलकं मला आमच्या मुलाचा बारावीचा निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं. स्वयंपाकीण पदराने डोळे पुसत होती आणि एका हाताने कुणाला तरी अडवत होती. कुणी हौशी माणूस पुन्हा चिकूची पाटी घेऊन आला होता.

सरपंचबाईने शब्द पाळला. पाडव्यानंतरच्या सभेत ठराव झाला आणि जेसीबीने खळग्यावर माती ओढली. टाकीला रोज एक घमेलं मिळतं, स्वयंपाकीण हातात डाव घेऊन उभी असते, आणि जास्त आणणाऱ्याला परत पाठवते. तिची भीड आता चेपलीय. टाकीतून निघणारी मळी वाड्यांना खत म्हणून जाते. पाला मात्र टाकीत जात नाही. आमचं बघून इतर वाड्याही निवडलेला पातेरा गंजाडला पाठवू लागल्या.

मग भाची आली, गाडी घेऊन, ठरल्याप्रमाणे. फोनवर मी सगळं सांगितलं होतं, पण तिचा विश्वास नव्हता. फोनवर सगळ्यांचंच सगळं बरं असतं, असं ती म्हणाली, आणि ते काही चूक नाही. पहाटे ती मुद्दाम उठून पडवीत येऊन बसली. मीही उठले, चहा टाकला नाही, नुसती तिच्या शेजारी बसले. मतलई वारा सुटला. गारवा आला, शेजारच्या वाडीतल्या मोगऱ्याचा वास आला, आणखी काही आलं नाही. आत वन्सं झोपल्या होत्या. आम्ही दोघी कान देऊन बसलो होतो.

उजाडल्यावर वन्सं बाहेर आल्या. भाचीने विचारलं, "आई, धूर कुठे गेला गं?"

"गंजाडला," वन्सं म्हणाल्या. "तिथे त्याचा भात होतो."

दमा गेला असं नाही. पंप खिडकीत असतो, आणि डॉक्टरांनी पावसाळ्यात जपायला सांगितलंय. भाचीने त्यांच्याशी बोलून घेतलं, मग आईकडे बघितलं, मग बॅगेकडे. निघायच्या सकाळी तिने स्वतःच लुगडी काढून कपाटात लावली. वन्संनी ती रिकामी बॅग चिकूंनी भरली, खाली कडक, वर पिकलेले. चेन लागेना इतके भरले आणि मग त्यातले काही काढून ठेवले.

"दिवसाला एकच खा," त्या मुलीला म्हणाल्या. "नाहीतर तुझीही टाकी बसेल."

भाची हसली, पण गाडीत बसल्यावर तिने तोंड दुसरीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते. रिकामी पिशवी हातात होती, मनात भाची पोचली असेल का हा विचार, आणि पिशवी मी ओल्याच्या बादलीत टाकली. वन्सं देवघराच्या दारात उभ्या होत्या. सुरुवात पिशवीपासून झाली. तिथून वाक्य शाळेच्या टाकीकडे गेलं, आता पिशव्या खाऊन ती मरणार म्हणून, तिथून पाड्यावरच्या म्हाताऱ्याकडे, ज्याला जे कळतं ते शिकलेल्या बायकांना कळत नाही म्हणून, मग दूधवाल्याकडे, आणि शेवटी माझ्या माहेराकडे, जिथे मुलींना बादल्यांतला फरकही शिकवत नाहीत. मधे कुठे खांबाला हात लागला नाही. मी पिशवी बादलीतून काढून हातात धरून उभी राहिले आणि सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दूध उतू गेलं, तरी मी गॅस बंद करायला वळले नाही.